मक्याचं ओझं आणि सरदारांचा 'अहंकार'

फ्लोरिडातल्या तिमुकुआ सरदारांनी १६५६ साली स्पॅनिश गव्हर्नरविरुद्ध बंड केलं. का केलं? ठरीव उत्तर असं, की त्यांना मक्याचं ओझं उचलायला सांगितलं म्हणून! झालं. रुसलेले सरदार, दोन ओळींत निकाल, पुढचं प्रकरण. मला या उत्तराचा मनापासून राग येतो.

आधी घडलं काय ते सांगते. १६५५ मध्ये इंग्रजांनी स्पेनकडून जमैका घेतलं. आता आपली पाळी, या धास्तीनं गव्हर्नर दिएगो दे रेबोयेदोनं मिशनच्या मुलखातून पाचशे लढवय्ये सेंट ऑगस्टीनला बोलावले आणि फर्मावलं, की ज्यानं त्यानं आपला शिधा आपल्या पाठीवर आणायचा. सरदार-मानकऱ्यांनीसुद्धा. सान मार्तिनचा सरदार लुकास मेनेंदेस बिथरला तो इथे.

आता गंमत बघा. त्या मुलखातून सेंट ऑगस्टीनला मका वर्षानुवर्षं माणसांच्याच पाठीवरून जात होता. आपल्याकडे जिला वेठ म्हणायचे, तीच ही. माणसं पुरवायचे कोण? हेच सरदार! बदल्यात गव्हर्नर त्यांचं सरदारपण मान्य करणार, असा सगळा व्यवहार. साथींनी गावं ओस पडत होती, वेठ मात्र संपत नव्हती. आणि आता सरदारालाच हमाल करायचं? म्हणजे करार कोणी मोडला? पोतं हे निमित्त हो. १६५१ मध्येच आसिलेचा सरदार मानुएल यानं आधीच्या गव्हर्नरनं तिथे थाटलेल्या शेतीबद्दल चक्क तिमुकुआ भाषेत पत्र लिहिलं होतं. (ही भाषा छापली गेली १६१२ मध्ये, म्हणजे आपल्या ख्रिस्तपुराणाच्याही चार वर्षं आधी.) जमीन आणि राबणारे हात, दोन्हींचा हिशेब ठेवणारी ही माणसं. त्यांना तुम्ही मानापमानाच्या नाटकातली पात्रं करता?

उलट बाजूची मंडळीही कमी नाहीत. त्यांना यात धर्मासाठीचा लढा दिसतो. अहो, लुकास हे नावच बाप्तिस्म्याचं! बंडात सात माणसं मारली गेली, पण मिशनच्या पाद्र्यांना कोणी हात लावला नाही. हत्यार उपसलं ते गव्हर्नरच्या राज्याविरुद्ध, चर्चविरुद्ध नव्हे. आपल्याला इतिहासात आपलंच भांडण शोधायची खोड आहे, दुसरं काय.

बरं, लुकासला मी डोक्यावर घेतेय असंही नाही. रयतेची पाठ मोडत होती, तेवढी वर्षं सरदारांनी हत्यार उचललं नाही. पोतं स्वतःच्या खांद्यावर येणार म्हटल्यावर उचललं. हे बोचतं, आणि बोचू द्यावं. पण ज्या माणसाला वेठ कशी चालते हे आतून माहीत होतं, त्यानं ती नाकारली, तर त्याला नुसता अहंकार कसं म्हणायचं?

बंड मोडलं. लुकाससह दहाएक जणांना फाशी दिली. रेबोयेदोच्या कारभाराबद्दल पाद्र्यांनीच स्पेनच्या राजाकडे तक्रारी केल्या, हा आणखी एक मासला. मग उरलेल्या तिमुकुआंची गावं हलवून सेंट ऑगस्टीनहून पश्चिमेला आपालाचीकडे जाणाऱ्या राजरस्त्यावर टप्प्याटप्प्यानं वसवली. वाटसरूंची सोय बघायला, नदीपार न्यायला, आणि हो, ओझी वाहायला.