भाड्याच्या टायरवर पास होणारी गाडी

"पासिंगच्या दिवशी चार चांगले टायर लावून देतो, संध्याकाळी परत आणा." या आठवड्यात एका गॅरेजमध्ये मिस्त्री माझ्यासमोर हे बोलला आणि गाडीच्या मालकांनी आनंदानं मान डोलावली. गाडी २०११ ची, आरसीची पंधरा वर्षं संपत आलेली. डेंटिंग-पेंटिंग झालं होतं, सीट कव्हरं नवी होती. टायरच्या बाजूला मात्र नख जाईल अशा भेगा. त्याच टायरवर नातवंडं रोज शाळेत जातात. मला संताप आला तो त्याचा.

गाडीचं वय बघू नका, अवस्था बघा, हे माझं पालुपद नेहमीच्या वाचकांना पाठ आहे. पण अवस्था कोणी बघायची? इथं मला आपली रिक्षा आठवते.

रिक्षा आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेसला उभी राहते. खासगी मोटारीकडे पंधरा वर्षं कोणी ढुंकून बघत नाही आणि एकदा नूतनीकरण झालं की पुढची पाच वर्षं मोकळी. पंधराव्या वर्षाला पोचलेल्या रिक्षाच्या निदान दहा तपासण्या झालेल्या असतात, मोटारीची पहिलीच असते. रस्त्यावर आपण मात्र रिक्षालाच खटारा म्हणतो.

वडोदऱ्याच्या आरटीओत, दरजीपुऱ्याला, पासिंगच्या रांगेत रिक्षावाल्यांची तयारी बघण्यासारखी असते. एकानं सोबतच्याला मागं उभं केलं, ब्रेक दाबला, इंडिकेटर दोन्हीकडे दिले आणि मागून गुजरातीतला "छे, छे" असा होकार आल्यावरच पुढं सरकला. मग हँडब्रेक ओढून रिक्षा खांद्यानं ढकलून बघितली. गेल्या खेपेला हेडलाइटचा झोत वर जातो म्हणून त्याला परत पाठवलं होतं. या वेळी आदल्या रात्री भिंतीसमोर रिक्षा उभी करून त्यानं स्क्रू फिरवून झोत खाली आणला होता. नापास झाला तर त्याचा दिवसाचा धंदा बुडतो, म्हणून तो शिकलाय. मोटारवाल्याचं काही बुडत नाही, म्हणून तो किल्ली एजंटच्या हातात देतो आणि आपली गाडी कशात पास झाली हेसुद्धा त्याला कळत नाही. माझी तर खात्री आहे की आपल्या शहरातल्या अपघातांत जुन्या गाडीपेक्षा न बघितलेल्या गाडीचा हात मोठा आहे.

तेव्हा रंगाचे पैसे रबरावर घाला. ब्रेकचे होज वाकवून बघा, चिरा दिसल्या तर बदला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. पाच-सहा वर्षांपूर्वीचं असेल तर पास झालात तरी घाटात दगा देईल. टायरची नक्षी मोटारीला किमान १.६ मिलिमीटर लागते, पण नक्षी शाबूत असून रबर मेलेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: ३४१७ म्हणजे २०१७ चा चौतिसावा आठवडा. परिवहन खात्यानं तपासणीच्या नोंदीत हे चारही टायरचे आकडे लिहायला सुरुवात करावी. भाड्याच्या टायरचा धंदा त्यानं अवघड होईल.

वडोदऱ्याच्या गाडीला आणखी एक दुखणं आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी ज्यांच्या पार्किंगमध्ये शिरलं, त्यांनी सीट वाळवल्या, इंजिन ऑइल बदललं आणि गाडी चालू झाली म्हणून विषय संपवला. गाळ ब्रेकच्या ड्रममध्ये राहतो. वायरिंगच्या जोडांवर हिरवी बुरशी चढते आणि ब्रेकलाइट कधी लागतो, कधी लागत नाही. पायाखालचं कार्पेट उचला, खालचा नमदा काढा आणि पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरनं दाब द्या. टोक आत गेलं तर वरचा नवा रंग काय कामाचा? चेसिस नंबरही गंजाखाली जातो. रॉकेलच्या फडक्यानं हलक्या हातानं पुसा, ग्राइंडर लावू नका. आकडा खरवडला गेला तर गाडी तुमचीच आहे हे सिद्ध करत बसाल. सीएनजी किट असेल तर त्याची आरसीवर नोंद आणि टाकीच्या चाचणीची तारीख आधी बघा.

ब्रिटनमध्ये मोटार तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी होते आणि गाडी कशात नापास झाली हे नंबर टाकून कोणालाही ऑनलाइन वाचता येतं. अशी सोय इथं असती, तर पुरात बुडालेल्या किती गाड्या आपल्या गळ्यात पडल्या नसत्या.

आता माझा जुना मुद्दा, शुल्काचा. पंधरा वर्षांनंतर मोटारीच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये आणि २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,०००. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या मोटारींचा मेळा भरला, तेव्हा त्यांचं वय आपल्याला कौतुकाचं वाटलं. पन्नास वर्षांवरच्या व्हिंटेज मोटारीला सरकार २०,००० रुपयांत दहा वर्षांची नोंदणी देतं. ती रोज वापरायची नसते, हे मला मान्य आहे. पण मग शिक्षक, कारकून, निवृत्त माणूस जपून वापरतो त्या गाडीला वयाचा दंड का? ब्रेक आणि धूर तपासा, उत्तम निघाले तर शुल्क कमी करा. सांभाळणाऱ्याला काहीतरी मिळू द्या.

ज्यांची गाडी २०११ ची आहे त्यांना मुदतीआधीच्या साठ दिवसांत नूतनीकरणाचा फॉर्म २५ भरता येतो. त्याआधी आरसीवर बँकेचं नाव अजून आहे का ते बघा. कर्ज फिटून दहा वर्षं झाली तरी पुष्कळांचा बोजा तसाच राहिलेला असतो. बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ याच आठवड्यात मागा.