विझलेली शेगडी

गेल्या वर्षीच्या फेस्ताचा दिवस आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांस आठवत असेलच. मिस्सा झाली, मिरवणूक झाली, परंतु वळवाच्या पावसाने ऐन जेवणाच्या वेळी गाठले आणि लांबच्या वाड्यांवरील मंडळी आलीच नाहीत. सायंकाळी पाहतो तो भाताची दोन मोठी पातेली आणि शिऱ्याची एक परात तशीच शिल्लक! ज्यांच्या घरी पोहोचविता येईल त्यांच्या घरी पोहोचविले, तरीही पुष्कळ उरले. अन्न फेकून देणे आम्हांस कधीच रुचलेले नाही. आमच्या निवासामागे गोबर गॅसची जुनी टाकी आहे व तिच्यावर स्वयंपाकघरातील एक शेगडी चालते. हे सर्व टाकीत घालावे म्हणजे अन्न वाया जाणार नाही आणि गॅसही भरपूर मिळेल, असा सल्ला त्या वेळी कोणी दिला हे आता विचारण्यात अर्थ नाही. सल्ला आमचाच होता.

पहिल्या दिवशी शेगडी मोठ्या जोमाने पेटली. आम्ही मनातून सुखावलो. तिसऱ्या दिवशी ज्योत पिवळट व दुबळी झाली, चौथ्या दिवशी काडी लावताच फुस्स करून विझू लागली. टाकीच्या तोंडाशी गेलो तर शेणाच्या ओळखीच्या वासाऐवजी नाकास झोंबणारा आंबट दर्प येत होता. स्वयंपाक पाहणाऱ्या मावशींनी न बोलता सरपण आणून ठेवले. त्यांच्या न बोलण्याचा अर्थ आम्हांस पुरेपूर कळला.

अखेर निपाणीकडील एक वयोवृद्ध शेतकरी, ज्यांना सारा गाव अण्णा म्हणतो, ते सहज आले असता त्यांना आम्ही ही व्यथा सांगितली. अण्णांनी टाकीवर वाकून वास घेतला आणि म्हणाले, “फादर, लग्नातला उरल्याला भात खाऊन गाय फुगती, तसं झालंय हे. फुगल्याल्या जनावराला कोन वैरन घालतंय व्हय? उपाशी ठेवा तिला.”

वाचकहो, आम्ही सेमिनरीत पुष्कळ ग्रंथ वाचले, परंतु या एका वाक्यात जेवढे रसायनशास्त्र होते तेवढे आम्हांस त्यांतील कित्येक पानांत आढळले नाही. कारण गाईचे पोट आणि गॅसची टाकी यांत चालणारे काम मुळात एकाच जातीचे आहे. दोन्ही ठिकाणी हवा नाही, दोन्ही ठिकाणी डोळ्यांस न दिसणारे असंख्य जीवाणू आहेत, आणि दोन्ही ठिकाणी भाताचा अतिरेक झाला की आम्ल साठून सगळा कारभार बिघडतो.

हे जीवाणूंचे काम मनुष्याने फार पूर्वी पाहिले होते, मात्र ओळखले उशिरा. गावतळ्यातील गाळात काठी खुपसली की बुडबुडे वर येतात, हे आपल्यांतील प्रत्येकाने बालपणी केलेले आहे. इटलीतील शास्त्रज्ञ आलेस्सांद्रो व्होल्टा, ज्यांच्या नावावरून विजेच्या ‘व्होल्ट’ या मापास नाव मिळाले आणि जे आपल्याच श्रद्धेचे एक निष्ठावंत गृहस्थ होते, त्यांनी १७७६ च्या नोव्हेंबरात माज्जोरे सरोवराच्या काठी हेच केले. फरक इतकाच की त्यांनी ते बुडबुडे बाटलीत धरून पेटवून पाहिले. तो वायू म्हणजे मिथेन. पुढे १८६१ साली लुई पाश्चर यांनी हवेवाचून जगणारे, किंबहुना हवेने मरगळणारे जीवाणू दाखवून दिले, तेव्हा तळ्याच्या गाळात नेमके काय चालते याचा उलगडा होण्यास आरंभ झाला.

आमच्या टाकीत काय झाले ते आता सांगतो. या टाकीत दोन प्रकारच्या कामकऱ्यांची जोडी असते. पहिल्या प्रकारचे जीवाणू भात, भाजी, साखर, जे मिळेल ते फोडून त्याची आम्ले करतात. दुसऱ्या प्रकारचे जीवाणू ती आम्ले खाऊन त्यांचा मिथेन वायू करतात. पहिले अति चपळ. चारा मिळताच काही तासांत त्यांची संख्या दुप्पट होते. दुसरे संथ; त्यांना त्यासाठी कित्येक दिवस लागतात, आणि आंबटपणा तर त्यांना मुळीच सोसत नाही. एका जुवाला अवखळ खोंड व म्हातारा बैल जुंपावा तशी ही जोडी आहे. शेण घातले तर ते सावकाश फुटते, दोघेही पायांत पाय न अडकता चालतात. आम्ही मात्र एकाच रात्रीत भात आणि शिरा घातला. खोंड उधळला, आम्लाचा पूर आला, बैल बसला. ज्योत विझण्याचे कारणही हेच, कारण टाकीतून येणाऱ्या वायूत मिथेन कमी होऊन न जळणारा कार्बन डायऑक्साइडच अधिक भरला होता.

अण्णांच्या सांगण्याप्रमाणे आम्ही टाकी उपाशी ठेवली. बेताने चुन्याची निवळी घातली, शेजारच्या चालू टाकीतील काही बादल्या स्लरी आणून ओतली, आणि नंतर रोज थोडे थोडे शेण सुरू केले. तीन आठवड्यांनी शेगडी पुनश्च निळी पेटली. (येथे एक गोष्ट कळकळीने सांगतो: बिघाड पाहण्यासाठी कोणीही टाकीत उतरू नये. आतील वायूने मनुष्य क्षणांत बेशुद्ध पडतो आणि त्याला वाचविण्यास उतरलेलाही परत येत नाही.)

आता गंमत अशी की, जी आमची चूक झाली तीच रसायनशास्त्रज्ञांची युक्ती आहे! कचऱ्यापासून वायू न करता उपयुक्त आम्ले हवी असतील, तर ते मुद्दामच म्हाताऱ्या बैलाला जुवातून सोडतात आणि काम पहिल्या टप्प्यावर थांबवितात. मग ॲसिटिक, ब्युटिरिक, लॅक्टिक अशी आम्ले हाती लागतात. नावे परकी वाटली तरी पदार्थ आपल्या स्वयंपाकघरातलेच आहेत. सोरपोतेलात घालावयाचा शिरका म्हणजे पाण्यातील ॲसिटिक आम्ल, विरजणाचा आंबटपणा म्हणजे लॅक्टिक आम्ल, आणि खवट लोण्याच्या वासातले ते ब्युटिरिक. लॅक्टिक आम्लापासून आज एक प्रकारचे प्लास्टिकही करतात. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी ॲसिटोन अपुरे पडू लागले, तेव्हा खाइम वाइझमान या रसायनशास्त्रज्ञाने मक्याचे पीठ एका जीवाणूकडून आंबवून ते काढले. हेच गृहस्थ पुढे इस्राएलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. मका कमी पडेल या भीतीने १९१७ साली ब्रिटनमधील शाळकरी मुलांना रानातील हॉर्स चेस्टनटची फळे वेचावयास लावले होते. ती फारशी उपयोगी पडली नाहीत, ही गोष्ट निराळी. आपल्या भागातील उगारसारख्या साखर कारखान्यांत मळीपासून मद्यार्क होतो, तेथेही कामकरी तेच अदृश्य जीव, फक्त जात यीस्टची. त्या मद्यार्काचा एक उपयोग मोटारींच्या पेट्रोलात मिसळण्यासाठी होतो, दुसरा कोणता ते सांगावयास नको, आणि त्या दुसऱ्याने किती घरे बसविली हे आम्ही कबुलीजबाबाबाहेरही पुष्कळ ऐकतो. असो.

मग नगरांतील कचऱ्यापासून सर्वत्र आम्लेच का काढीत नाहीत, असे एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले. उत्तर साधे आहे. वायू आपण होऊन पाण्यातून वर येतो. त्याला केवळ टोप घालून धरावयाचे असते. आम्ल मात्र पाण्यातच विरघळून बसते, आणि त्या गढूळ पाण्यातून ते निराळे काढण्यास जो खर्च येतो तो मिळकतीस खाऊन टाकतो. शुद्ध साखर किंवा पीठ असेल तर हे परवडते; मिश्र कचऱ्याच्या बाबतीत हे काम अद्याप बहुतांशी प्रयोगशाळांत व लहान प्रायोगिक संयंत्रांतच आहे. म्हणून आजमितीस गावाने व नगराने वायू व खत यांचाच विचार करावा, असे आमचे मत आहे.

वायूच्या बाबतीत आपला देश मुळीच मागे नव्हता. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्याच्या टाक्यांतून वायू गोळा करून त्यावर इंजिन चालविले जात असे. ज्यांना समाजाने वेशीबाहेर ठेवले त्यांच्या वस्तीत हे घडले, ही गोष्ट आम्हांस फार हृद्य वाटते. स्वातंत्र्यानंतर जशभाई पटेल यांनी लोखंडी टोपाची टाकी बनविली व साठीच्या दशकात खादी ग्रामोद्योग आयोगाने ती खेडोपाडी नेली. लोखंड महाग पडू लागले तेव्हा ‘अफ्प्रो’ या संस्थेने १९८४ साली विटांच्या घुमटाची स्वस्त ‘दीनबंधू’ टाकी तयार केली. ही संस्था कॅथलिक व प्रॉटेस्टंट सेवासंस्थांनी मिळून काढलेली, हे आमच्या वाचकांस ठाऊक असावे. आमच्या निवासामागची टाकी याच घुमटाच्या जातीची आहे. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील शिरसी तालुक्यात तर घरोघरी अशा टाक्या इतक्या झाल्या की, त्यांचा अभ्यास करण्यास शास्त्रज्ञ गेले.

सुमारे २५ किलो ताज्या शेणापासून एक घनमीटर वायू मिळतो आणि तो स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील पावणेअर्धा किलोच्या आसपास गॅसचे काम करतो. परंतु आता गोठ्यांत गुरे कमी झाली, दारात सिलिंडर आला, आणि आमच्या भागातील कितीतरी टाक्यांत आज झेंडूची रोपे उगवली आहेत. शेण नाही तर टाकी कशी चालवावी, या प्रश्नास पुण्याच्या ‘आरती’ संस्थेचे डॉ. आनंद कर्वे यांनी उत्तर शोधले. गुराने आधीच पचवून सत्त्व काढून घेतलेले शेण घालण्यापेक्षा सत्त्वयुक्त उरलेसुरले अन्नच का घालू नये, असा त्यांचा प्रश्न होता. शेणाच्या टाकीत ४० किलो चोथ्यापासून जेवढा मिथेन मिळतो तेवढा, म्हणजे सुमारे अर्धा किलो, पिष्टमय पदार्थाच्या २ किलोंतून मिळतो, असा त्यांनी हिशेब मांडला. या कामास २००६ साली ब्रिटनमधील ॲश्डेन पारितोषिक मिळाले. रोज किलो दोन किलो, बारीक करून, पाण्यात कालवून घालावयाचे. एकाच रात्री दोन पातेली नव्हे!

जे एका स्वयंपाकघरास लागू तेच नगरासही लागू आहे. गोव्यात साळगाव येथे उघड्या उकिरड्याच्या जागी २०१६ साली रोज १०० टन कचऱ्याचे संयंत्र उभे राहिले. तेथे ओल्या कचऱ्यापासून वायू व त्यावर वीज होते, आणि पुढे त्याची क्षमता २५० टनांपर्यंत नेली गेली. इंदूरमध्ये १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झालेले संयंत्र रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून सुमारे १७,००० किलो इंधनवायू व १०० टन खत देण्यासाठी बांधलेले असून, त्या वायूवर शहराच्या बसगाड्या धावतात.

याउलट लखनौ येथे २००३ च्या सुमारास ५ मेगावॅट विजेचे मोठे संयंत्र याच तत्त्वावर उभारले गेले, आणि थोड्याच काळात बंद पडले. यंत्रे होती, जीवाणू होते. परंतु आलेल्या कचऱ्यात माती, विटांचे तुकडे, प्लास्टिक आणि चिंध्या इतक्या होत्या की, जीवाणूंस खावयास योग्य असा घासच मिळेना. इंदूरने तेच काम केले; मात्र तत्पूर्वी कित्येक वर्षे घराघरांतील गृहिणींस ओला व सुका कचरा वेगळा द्यावयास शिकविले. दोन्ही शहरांतील अंतर कारखान्याच्या दारात नव्हे, स्वयंपाकघराच्या दारात पडले.

कोणी म्हणेल, हे शहरवासीयांचे प्रश्न. आम्हां खेडुतांस त्याचे काय? परंतु शहराचा कचरा शहरात राहत नाही. बेळगावचा कचरा वेंगुर्ले मार्गावरील तुरमुरी गावाकडे जातो. निपाणी वाढते आहे, उद्या तिचाही कुठल्यातरी खेड्याच्या शिवेवर जाईल. शिवाय टाकीतून बाहेर पडणारी स्लरी अखेर कोणाच्या शेतात जावयाची? नत्र, स्फुरद, पालाश ही पिकांची रसायने वायूबरोबर उडून जात नाहीत, स्लरीतच राहतात. उसाला व तंबाखूला ती हवीच आहेत. पण त्या स्लरीत फुटकी बाटली व विजेरीचे सेल असतील, तर काच शेतकऱ्याच्या पायात जाईल आणि सेलमधील विष त्याच्या मातीत. आमच्यांतील कित्येक मुली-मुलगे आज बेळगावात व पुण्यात नोकरीस असून त्यांच्या दारी घंटागाडी येते. त्यांना पत्रांतून वा फोनवरून एवढे विचारावयास हरकत नाही की, बाळा, तू बादल्या किती ठेवतोस?

आमच्या निवासापुढे आम्ही दोन बादल्या ठेविल्या आहेत, हिरवी ओल्यासाठी आणि निळी सुक्यासाठी. यंदाच्या फेस्तास जेवणाऱ्यांची नावे आठ दिवस आधी घेण्यात येतील, व उरलेल्या अन्नापैकी टाकीस रोज दोन किलोच मिळतील. मोजमाप मावशींकडे सोपविले आहे, आमच्याकडे नाही. गेल्या रविवारी हिरव्या बादलीत भाजीच्या देठांबरोबर एक स्टीलचा चमचा सापडला. ज्या कुटुंबाचा असेल त्यांनी तो मिस्सेनंतर कार्यालयातून घेऊन जावा.