‘उचल’ला इंग्रजीत काय म्हणायचे?

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबातला एखादा विद्यार्थी अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात पोहोचतो आणि ग्रामीण मजुरीवर इंग्रजीत निबंध लिहू लागतो, तेव्हा त्याची लेखणी दोन शब्दांपाशी अडते : ‘उचल’ आणि ‘कोयता’. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल मजूर ऊस तोडून फेडतो. फिटली नाही तर बाकी पुढल्या हंगामावर चढते. ‘अ‍ॅडव्हान्स’ हा इंग्रजी शब्द यातली रक्कम सांगतो, वेठ सांगत नाही. ‘कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी. हिशेब जोडीचा होतो. बाईची मजुरी त्यात वेगळी दिसतच नाही. ‘लेबरर’ असे लिहिले की हा अन्याय कागदावरूनही पुसला जातो.

अशा वेळी विद्यार्थ्याने मूळ शब्द कायम ठेवून त्यांचा अर्थ इंग्रजीत उलगडला, तर पुष्कळदा त्यांखाली लाल रेघ पडते. वस्तुतः संपूर्ण निबंधात तेच वाक्य सर्वांत अचूक असते! केंद्राच्या इंग्रजी अर्थसंकल्पात लाख आणि कोटी निःसंकोच नांदतात. ‘लूट’ हा शब्द तर इंग्रजीने हिंदुस्थानातूनच नेला. राज्यकर्त्यांना जी मुभा, ती मजुराच्या मुलाला का नसावी?

यावर आक्षेप येईल की, मग शुद्ध इंग्रजीचे काय? आक्षेप रास्त आहे. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत, म्हणून मराठी विद्यार्थी ती गाळतो. ही चूकच आहे आणि ती सुधारलीच पाहिजे. नोकरीच्या दारात या चुकीची किंमत गरिबाच्याच मुलाला मोजावी लागते. तिच्याकडे कानाडोळा करणे ही खोटी दया होय. परंतु व्याकरणातील उणीव आणि आशयाची समृद्धी यांना एकाच रेघेने खोडणे हे अध्यापन नव्हे.

इंग्रजीच्या दडपणाखाली पिढ्या काढलेल्या वेल्समध्ये केन विल्यम्स या शिक्षणतज्ज्ञांनी १९९४ साली वर्गातील एका पद्धतीला नाव दिले : एका भाषेत वाचावे, दुसरीत लिहावे. विषय पचल्याखेरीज असे लिहिता येत नाही, हे तिचे मर्म. गोरमाटी किंवा भिली घरी, मराठी शाळेत आणि इंग्रजी महाविद्यालयात, असा प्रवास करणारा आपला विद्यार्थी हे काम रोज एकट्याने, आणि बहुधा चोरून, करतो.

डॉ. लोहियांचा विरोध इंग्रजीच्या सत्तेला होता, तिच्या ज्ञानाला नव्हता. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुभाषिकतेचा गौरव केला आहे. तो गौरव उत्तरपत्रिकेपर्यंत पोहोचायचा असेल, तर विद्यापीठांनी दोन गोष्टी कराव्यात. पहिले टिपण कोणत्याही भाषेत करण्यास वर्गात उघड मुभा द्यावी, आणि आशयाचे गुण भाषेच्या गुणांपासून वेगळे ठेवावेत. यासाठी तिजोरीवर फारसा भार पडत नाही. कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थी संघटनांनी ही मागणी आपल्या विद्यापीठापुढे मांडावी. ज्यांच्या श्रमावर साखर उभी आहे, त्यांचे शब्द अर्थशास्त्राला परके राहता कामा नयेत.