लक्षद्वीपला निघालात? आधी तिथल्या पाण्याचं गणित पाहा

मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस नाशिकरोडला रोज थांबते. पण हे नाव मोबाइलवर धडाधड शोधलं गेलं ते जानेवारी २०२४ मध्ये. पंतप्रधान नरेंद्र मोदींचे किनाऱ्यावरचे फोटो आले, मालदीवशी वाद पेटला आणि टूर पॅकेजचे मेसेज सुरू झाले. त्याच दौऱ्यात कदमत बेटावर समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पाचं लोकार्पण झालं. त्याचे फोटो कोणी फॉरवर्ड केले नाहीत. सिन्नरच्या पूर्व भागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्यांना मात्र खरी बातमी तीच वाटेल.

चहूबाजूंनी पाणी, तरी टंचाई का?

लक्षद्वीपची ३६ बेटं मिळून क्षेत्रफळ जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. वस्ती १० बेटांवर, लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ६४ हजारांच्या वर. बेटं प्रवाळाची, त्यामुळे नदी नाही, धरण नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या जड खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगतं. विहिरीतून जास्त उपसा केला की खारं पाणी वर येतं. आपल्याकडे बोअर आटतो. तिथे विहीर आटत नाही, खारट होते. शौचालयांच्या टाक्यांचा पाझरही त्याच थरात उतरतो.

मग प्यायचं पाणी कुठून?

कवरत्तीवर २००५ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने तोडगा काढला. पृष्ठभागावरचं सुमारे २८ अंशांचं पाणी हवेचा दाब कमी केलेल्या टाकीत सोडायचं. दाब कमी म्हणून ते न तापवताच वाफ होतं. साडेतीनशे-चारशे मीटर खोलीवरून ओढलेल्या थंड पाण्याने ती वाफ गार केली की गोडं पाणी. (इंजिनिअरिंगला थर्मोडायनॅमिक्स शिकताना हे उदाहरण मिळालं असतं, तर विषय एवढा रुक्ष वाटला नसता.)

आता हिशेब. कवरत्तीच्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला १ लाख लिटर, वस्ती ११ हजारांच्या आसपास. म्हणजे माणशी ९ लिटर. कदमतला दीड लाख लिटर आणि साडेपाच हजारांच्या आत लोक, म्हणजे माणशी २८ लिटरच्या आसपास. जलजीवन मिशनचं माप ५५ लिटरचं आहे.

याच कदमतवर आणि निर्मनुष्य सुहेलीवर ताज समूहाने जानेवारी २०२३ मध्ये प्रत्येकी ११० खोल्यांचं रिसॉर्ट जाहीर केलं. साध्या हॉटेलसाठी माणशी १८० लिटरचा निकष धरला, तरी ११० खोल्या भरल्यावर दिवसाला जवळपास ४० हजार लिटर लागतात. रिसॉर्टने स्वतःचं पाणी स्वतः तयार केलं, तरी त्यासाठी वीज लागेलच, आणि बेटांवरची बरीचशी वीज आजही डिझेलवर आहे. सांडपाणी कुठे जाणार, हाही प्रश्न उरतो. ज्या प्रवाळावर ही बेटं उभी आहेत, ते २०२४ च्या समुद्री उष्णतेच्या लाटेत मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं.

तरी जायचं असेल, तर जरूर जा. मिनिकॉयला महल भाषा कानावर येईल, गळाने टुना पकडणाऱ्या होड्या दिसतील. बुकिंग करताना टूरवाल्याला दोन गोष्टी विचारा: मुक्कामाच्या जागी पाणी कुठून येतं आणि मैला कुठे जातो? भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. कोचीहून जहाजाला १४ ते १८ तास लागतात, विमान फक्त अगत्तीला उतरतं. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे ऑक्टोबरनंतरच्या तारखा पाहा.