आता धुळे सरकवून दाखवा!

सी शिकायला लागलेला प्रत्येक जण एक उद्योग करतोच करतो. स्वतःचं नाव इंग्रजीत टाइप करून काळ्या स्क्रीनवर उजवीकडून डावीकडे पळवतो आणि रूम पार्टनरला हाक मारतो, "ये भो, बघ!" होस्टेलमधली ही आपली पहिली ॲनिमेशन फिल्म. माझं म्हणणं एवढंच, की हा प्रोग्राम मराठीत करायला लावावा आणि त्याला प्रॅक्टिकलचे मार्क द्यावेत.

इंग्रजीत त्यात काही राम नाही. पहिलं अक्षर काढून शेवटी चिकटवायचं, कॅरेज रिटर्नने कर्सर ओळीच्या सुरुवातीला आणायचा, परत छापायचं, क्षणभर थांबायचं, झालं. (लिनक्सवर एफफ्लश लावायचं तेवढं लक्षात ठेवा. नाहीतर मजकूर बफरमध्ये अडकून बसतो आणि स्क्रीन ढिम्म!)

आता त्याच प्रोग्राममध्ये 'धुळे' घाला. डोळ्यांना अक्षरं दिसतात दोन. युनिकोडच्या हिशोबाने चिन्हं चार: ध, उकार, ळ आणि मात्रा. आणि स्ट्रलेन म्हणतं १२! कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. एका शब्दाची तीन मापं, आणि तिन्ही खरी. एकेक बाइट सरकवला तर स्क्रीनवर प्रश्नचिन्हांचा कचरा. एकेक चिन्ह सरकवलं तर ध निघून जातो आणि त्याचा उकार मागे अनाथासारखा ठिपक्यांच्या गोलाला लटकतो.

जळगाव त्या मानाने गरीब. अक्षरं चार, चिन्हं पाच, बाइट १५. खरी गंमत विद्यापीठाच्या नावात आहे. २०१८ साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. त्यातला 'कवयित्री' हा एकच शब्द घ्या: अक्षरं चार, चिन्हं आठ, बाइट २४. त्यातली पहिली वेलांटी मेमरीत य च्या नंतर असते, पण दिसते य च्या आधी! आणि 'त्री' मध्ये त, हलन्त, र, दुसरी वेलांटी असे चौघे एकाच खोलीत, अगदी आपल्या होस्टेलसारखे. यांना कुठून तोडायचं? मराठी माणूस म्हणेल, तोडायचंच नाही. पण युनिकोडच्या अक्षरं तोडायच्या नियमांत असं जोडाक्षर एकसंध धरायचं कलम आलं ते थेट २०२३ साली, १५.१ व्या आवृत्तीत. तोवर नियमाप्रमाणे 'त्' वेगळा आणि 'री' वेगळी!

याचं मूळ जुनं आहे. डॉसची टेक्स्ट स्क्रीन म्हणजे ८० रकाने, २५ ओळी. हे ८० सुद्धा आयबीएमच्या १९२८ च्या पंच कार्डापासून चालत आलेले. एका चौकटीत एक अक्षर, त्याला एक बाइट, रंगाला एक बाइट. आपल्या काना-मात्रांना त्यात बसायला जागाच नाही. म्हणून पुण्याच्या सी-डॅकने डॉसच्या पीसीसाठी जिस्ट कार्ड आणलं, आणि १९९१ साली इस्की हे भारतीय मानक झालं. म्हणजे आपल्याच राज्यात लोकांनी यावर डोकं खपवलं आहे. आजही 'गा' ला एक चौकट द्यायची की दोन, यावर सगळ्या टर्मिनलांचं एकमत नाही. कोणी म्हणेल, स्टेशनवरच्या एलईडी पाटीवर मराठी पळतं की! पळतं ना. पण तिथे शब्दाचं ठिपक्यांचं चित्र करून ते चित्र सरकवता येतं. टर्मिनलमध्ये आपल्या हातात बाइटच असतात.

आणि आपण लॅबमध्ये काय करतो? १९८७ सालचं टर्बो सी डॉसबॉक्समध्ये उघडतो आणि गोटूएक्सवाय मारतो. कोनिओ डॉट एच सीच्या मानकात कधीच नव्हती, हे किती जणांना सांगितलं जातं?

सीनियर म्हणतात, "काय भो, सिलॅबसमध्ये नाही, प्लेसमेंटला विचारत नाहीत, कशाला डोकं लावतो?" ठीक. उद्या यातलाच कोणीतरी एखाद्या ग्रामपंचायतीचं किंवा केळीच्या व्यापाऱ्याचं सॉफ्टवेअर लिहिणार आणि सवयीने नावाला वीस बाइटांचा ॲरे घेणार. इंग्रजी स्पेलिंगची बहिणाबाई त्यात आरामात बसते, नऊच अक्षरं. मराठी 'बहिणाबाई' ला लागतात २४ बाइट. वीसवर कापलं की उरतं 'बहिणाब' आणि पुढे कचरा. ज्या बाईचं नाव विद्यापीठाला दिलं तिचं हे, तर रांगेत उभ्या असलेल्या साध्या आजीबाईचं काय? तिला कोणी सांगायचं, की चूक तिच्या नावात नाही, आपल्या ॲरेत आहे?

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. मराठी आमच्याकडे आठवड्यातून मोजके तास. म्हणून भाषाप्रेमाचं भाषण मी देणार नाही, ते गॅदरिंगला होतंच. मला यात मजा वेगळीच वाटते. बाइट, चिन्ह आणि अक्षर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे इंग्रजीत कधी कळतच नाही, कारण तिथे तिन्ही एकमेकांवर बरोबर बसतात. मराठीत पहिल्याच रनला कळतं.

तर सरांना विनंती, पुढच्या वर्षी जर्नलमध्ये हे एक प्रॅक्टिकल घाला: स्वतःचं नाव मराठीत सरकवा, एकही मात्रा सुटता कामा नये. ज्याच्या नावात जोडाक्षर नाही त्याने साक्री घ्यावं. ज्याला फार खुमखुमी आहे त्याने मुक्ताईनगर: अक्षरं सहा, चिन्हं दहा, बाइट तीस. वेळ दोन तास, आणि शेजारच्याचं कॉपी केलं तर मार्क शून्य.