दोन पानांचा निबंध आणि त्याची मोजदाद

पावसाळा सरत आला की वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते. अमुक महाविद्यालयाचे तमुक प्राध्यापक 'जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञां'त गणले गेले, अशी ती बातमी असते. लगोलग प्रवेशद्वारावर फलक झळकतो, सत्कार होतो. ही यादी स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी 'स्कोपस' या सूचीतील आकड्यांवरून तयार करतात. कुणाच्या शोधनिबंधांचा उल्लेख इतर संशोधकांनी किती वेळा केला, याची ती मोजदाद आहे. मात्र त्या प्राध्यापकांनी नेमके काय शोधून काढले, हे बातमीत बहुधा नसते. साहित्याच्या वर्तुळात वावरणाऱ्यांना यात नवल वाटू नये. पुस्तकांची संख्या आणि पुरस्कारांची यादी देऊन कवितेविषयी अवाक्षरही न काढणारे कविपरिचय आपल्याकडे थोडे का छापले जातात?

या मोजदादीविषयी बोलताना आम्हांस एका वैद्यकीय संशोधकाची आठवण करून द्यावीशी वाटते. ते आहेत कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ दे. त्यांचा जन्म १९१५ सालचा. नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयात आणि पुढे कलकत्ता मेडिकल कॉलेजात ते विकृतिशास्त्र शिकवीत. संशोधनासाठी निवडलेला विषय त्यांच्या शहरातलाच होता : पटकी.

पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ सालीच ओळखला होता. हा जंतू काही विष सोडत असावा, असा तर्कही त्यांनी केला होता. पण तो सिद्ध करायचा, तर प्रयोगशाळेतील प्राण्याला माणसासारखी पटकी व्हायला हवी, आणि ती काही केल्या होईना. अशी सत्तर वर्षे गेली. दे यांनी प्रौढ सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा जागच्या जागी दोन्ही बाजूंनी धाग्याने बांधला आणि त्या बंद पोकळीत पटकीचे जंतू सोडले. एका दिवसात ती पोकळी पाण्याने तट्ट फुगली. हे काम त्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केले. मग १९५९ साली त्यांनी पुढचा प्रश्न विचारला : जंतू काढून टाकले आणि ज्या द्रवात ते वाढले होते तेवढाच गाळून वापरला, तर? तरीही आतडे तसेच फुगले. याचा अर्थ, पटकी घडवून आणायला आतड्यात जंतू हजर असण्याचीही गरज नव्हती. त्याने सोडलेले विष एकटेच आतड्यातून पाणी खेचून घेत होते. तो निबंध 'नेचर'च्या १९५९ च्या मे महिन्यातील अंकात आला. त्याची लांबी दोन पाने.

आम्ही साहित्याची माणसे. प्रयोगाच्या मूल्यमापनाचा अधिकार आमचा नव्हे. पण या कृतीत उत्तम समीक्षेचा एक गुण आम्हांस दिसतो. अवजड उपकरणे नाहीत, परिभाषेचे डोंगर नाहीत. पूर्वसूरी जिथे सत्तर वर्षे अडखळले त्या जागेवर नेमके बोट तेवढे ठेवले आहे.

त्या दोन पानांचे पुढे काय झाले? आरंभीची काही वर्षे फारसे काहीच झाले नाही. त्यांचा उल्लेख क्वचितच कुणी केला. मग काळ पालटला. १९६१ साली इंडोनेशियातून पटकीची सातवी जागतिक साथ निघाली आणि एकामागून एका देशात शिरली. त्याच सुमारास ढाक्यात परदेशी साहाय्याने पटकीची संशोधनशाळा उभी राहिली होती. आता पटकीवर लिहिणारे वाढले, म्हणून दे यांना वाचणारे वाढले आणि त्यांचा उल्लेख करणारेही वाढले. १९६९ साली अमेरिकेत ते विष शुद्ध स्वरूपात वेगळे काढण्यात आले. दे यांच्या निबंधात त्यानंतर एका अक्षराची भर पडलेली नव्हती. १९६० साली तो जेवढा खरा होता तेवढाच १९८० सालीही होता. आकडे तेवढे बदलले होते. ज्याला 'प्रभाव' म्हणतात तो बराचसा निबंधाच्या बाहेर घडत असतो. कुठे साथ येते, कुठे पैसा जातो, कुणाची प्रयोगशाळा उघडते, या सगळ्यांचे पडसाद त्या एका आकड्यात मिसळलेले असतात.

दरम्यान मायदेशी काय चालले होते? दे १९७३ साली निवृत्त झाले. भारतातील एकाही विज्ञान अकादमीने त्यांना आपले सदस्यत्व दिले नाही. १९७८ साली पटकीवरील नोबेल परिसंवादासाठी त्यांना स्वीडनहून आमंत्रण आले. तेथे ते म्हणाले, की साठच्या दशकाच्या आरंभापासून आपण मृतच होतो, या समितीने आपल्याला उकरून वर काढले. नोबेल पारितोषिक विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव त्याच पारितोषिकासाठी सुचवले होते. १९८५ साली दे वारले.

आणि पुढच्याच वर्षी त्यांच्यावर एक सविस्तर लेख आला. लिहिणारे होते यूजीन गारफील्ड. संदर्भांच्या मोजदादीचे जनक ते हेच. त्यांनी १९५५ साली 'सायन्स'मध्ये ही कल्पना मांडली आणि १९६४ साली पहिली 'सायन्स सायटेशन इंडेक्स' बाजारात आणली. कल्पना सुचली होती वकिलांच्या एका जुन्या सूचीवरून, जिच्यात कोणता निवाडा पुढे कोणत्या निवाड्यात आधाराला घेतला गेला हे पाहता येई. गारफील्ड यांची डॉक्टरेट मात्र भाषाशास्त्रातील, ही गोष्ट आमच्या वाचकांना रुचावी. पटकीच्या साहित्यात कोण कुणाचा आधार घेतो, याचा नकाशा काढता काढता ते कलकत्त्याच्या या अध्यापकापर्यंत पोहोचले.

येथे आम्हांस थांबणे भाग आहे. कारण आमच्या वर्गात आकड्यांना नावे ठेवणे ही एक सवय झाली आहे. दे यांच्या बाबतीत मोजणाऱ्याने जे केले ते येथील वाचणाऱ्यांनी केले नव्हते. अकादम्यांतील विद्वानांना कुणी आकड्यांची सक्ती केली नव्हती. दोन पाने वाचायला ते मोकळे होते. तेव्हा 'मोजू नका, वाचा' असे म्हणून आपली सुटका होत नाही. मोजदाद कधी कधी न वाचलेल्याकडे बोट दाखवते. बिघाड होतो तो, बोट दिसले की पान उघडण्याची गरजच उरली नाही असे समितीला वाटू लागते तेव्हा.

आणि पान न उघडता आकडा वाचला, की तो भलतेच सांगू लागतो. जगात सर्वांत अधिक वेळा उल्लेखला गेलेला निबंध कोणता? ऑलिव्हर लोरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ सालचा, द्रावणातील प्रथिने मोजण्याची एक कृती सांगणारा. २०१४ सालच्या गणनेत त्याचे उल्लेख तीन लाखांच्या वर गेले होते. त्या गणनेतील पहिल्या शंभरांत वॉटसन आणि क्रिक यांच्या डीएनएच्या रचनेवरील १९५३ च्या निबंधाला जागा मिळाली नाही. यात लोरींचा अपमान नाही; स्वयंपाकघरात उखळ जितक्या वेळा हाती येते तितक्या वेळा पैठणी नेसली जात नाही, एवढेच. शिवाय जे ज्ञान सर्वांच्या अंगी मुरते त्याचा संदर्भ देणे लोक सोडून देतात. मर्ढेकरांनी 'लय' हा शब्द ज्या अर्थाने रुजवला त्या अर्थाने तो आज वर्गात वापरणाऱ्यांपैकी किती जण 'सौंदर्य आणि साहित्य'ची तळटीप देतात?

२००५ साली हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने 'एच-इंडेक्स' सुचवला. ज्याचे दहा निबंध प्रत्येकी निदान दहा वेळा उल्लेखले गेले त्याचा अंक दहा. म्हणजे हा अंक एकूण निबंधांच्या संख्येपुढे कधीच जाऊ शकत नाही. समजा, दे यांनी १९५३ आणि १९५९ सालचे दोनच निबंध लिहिले असते. पुढे हजारो संशोधकांनी त्यांचा आधार घेतला असता, तरी त्यांचा अंक दोनच राहिला असता. एखाद्या निवड समितीने तेवढ्यावर त्यांना दारातूनच परत पाठवले असते.

हे सारे शास्त्रज्ञांचे दुखणे, आपला काय संबंध, असे कुणी म्हणू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली गुणांकनाची पद्धत आणली आणि नियतकालिकांच्या प्रभावांकावर वाढीव गुण ठेवले. जैववैद्यकासाठी शिवलेला हा अंगरखा मराठीच्या अध्यापकालाही घालावा लागला. मराठी लेखाचा आधार दुसऱ्या मराठी लेखाने घेतला, तर त्याची नोंद परदेशी सूच्यांत जवळजवळ कधीच होत नाही. मग आयएसएसएन क्रमांक पाहून पैसे भरायचे आणि लेख छापून घ्यायचा, हा धंदा फोफावला. त्याला आवर घालण्यासाठी २०१८ साली 'यूजीसी-केअर' यादीची घोषणा झाली. २०२५ च्या फेब्रुवारीत ती यादीही बंद करण्यात आली आणि नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आली.

या बदलाकडे अनेक सहकारी धास्तीने पाहतात. आता स्थानिक गटबाजी चालेल, असे त्यांचे म्हणणे आहे. ती भीती निराधार नाही. दे यांना दूर ठेवणाऱ्या अकादम्यांत मोजमाप नव्हते, माणसेच होती. तरीही आमचे मत असे, की संस्थांनी या मोकळिकीत आणखी एक यादी करू नये. उमेदवाराने आपले तीनच लेख निवडून द्यावेत. समितीतील दोघांनी ते वाचावेत आणि प्रत्येकावर पानभर लेखी अभिप्राय स्वतःच्या सहीनिशी द्यावा. तो अभिप्राय उमेदवाराला पाहता यावा. उल्लेखांचा आकडा हवा तर सोबत जोडावा, पण अभिप्राय लिहून झाल्यावर. मुलाखतीच्या आदल्या दिवशी गठ्ठा हाती देऊन हे होणार नाही. निदान महिनाभर आधी लेख घरपोच व्हायला हवेत, आणि वाचण्याचे मानधन प्रवासभत्त्याहून कमी नसावे.