खेळात राजकारण आणू नका म्हणे!

‘अरे, बास्केटबॉलवर बोलतोय ना आपण, मग त्यात पॉलिटिक्स कशाला?’

नॉर्थ कॅरोलिनात राहायला आल्यापासून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते कुणाच्या तोंडून कधी येणार याचा अंदाजही बांधता येतो. ऑफिसात दुपारी डबे उघडले की गप्पा साधारण ठरलेल्या वाटेने जातात. आधी ड्यूक आणि कॅरोलिना. मग रालेच्या विधिमंडळात काय नवीन शिजतंय ते. मग कुणीतरी वीकेंडला बघितलेली एखादी डॉक्युमेंटरी. पहिल्या विषयावर सगळे तावातावाने बोलतात, तिसऱ्यावर ‘मस्ट वॉच’ म्हणतात आणि दुसरा विषय आला की मायक्रोवेव्हकडे बघायला लागतात. आमच्या टीममधले एक सीनियर आहेत, मूळचे चिपळूणकडचे. काका म्हटलेलं त्यांना आवडत नाही म्हणून आम्ही दादा म्हणतो. या बाबतीत त्यांचा नियम एकदम पक्का: ‘आपण पाहुणे. गेम बघायची, पिक्चर बघायचा, इथल्या राजकारणात पडायचं नाही.’

मला हा नियम साफ अमान्य आहे. हे तीन विषय ब्राउझरमधल्या तीन टॅबसारखे वेगळे दिसतात, पण मागे एकच प्रोसेस चालू असते. आणि ‘राजकारण नको’ म्हणणारा माणूस तटस्थ नसतो. ज्याचं सध्या बरं चाललंय त्याच्या बाजूने तो मत देऊन मोकळा झालेला असतो. खरं तर हे आपल्याला कुणी शिकवायला नको. शरद पवार २००५ ते २००८ या काळात एकाच वेळी देशाचे कृषिमंत्री आणि बीसीसीआयचे अध्यक्ष होते, आणि तेव्हाही आपण पानाच्या टपरीवर ‘क्रिकेटमध्ये राजकारण नको’ असंच म्हणत होतो.

पण आपण नॉर्थ कॅरोलिनाचंच बोलू.

२३ मार्च २०१६. रालेत विधिमंडळाचं एक दिवसाचं विशेष अधिवेशन भरलं. सकाळी विधेयक आलं आणि त्याच रात्री राज्यपाल पॅट मॅक्रोरी यांनी सहीसुद्धा केली. हा तो हाउस बिल २, ‘बाथरूम बिल’. सरकारी इमारतींत आणि शाळांत तुम्ही कुठलं स्वच्छतागृह वापरायचं हे जन्मदाखल्यावरच्या लिंगावरून ठरणार. शार्लट शहराने ट्रान्स लोकांना संरक्षण देणारा स्थानिक नियम केला होता, तो यामुळे रद्दबातल झाला. बातम्या सगळ्या बाथरूमवरच चालल्या, त्यामुळे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात आली नाही. शहरांनी खासगी कंपन्यांसाठी आपापलं किमान वेतन ठरवायचं नाही, हेही कलम त्याच कायद्यात होतं.

पुढच्याच महिन्यात पेपॅलने शार्लटमधलं नियोजित केंद्र रद्द केलं. ४०० नोकऱ्या गेल्या. एनबीएने २०१७ ची ऑल-स्टार गेम शार्लटहून न्यू ऑर्लीन्सला नेली. सप्टेंबरमध्ये एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांचा कारभार बघणाऱ्या संस्थेने, राज्यातल्या सात स्पर्धा काढून घेतल्या. इथे राज्याला खरी कळ लागली. कारण त्यात मार्च मॅडनेसच्या पहिल्या दोन फेऱ्या होत्या. त्या ग्रीन्सबरोला व्हायच्या होत्या, म्हणजे ड्यूक आणि कॅरोलिना या दोघांच्या अंगणात. त्या गेल्या साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलला.

आता गंमत बघा. साउथ कॅरोलिनाच्या विधिमंडळाच्या आवारात गुलामगिरीवाल्या कॉन्फेडरेट फौजेचं निशाण फडकत होतं, म्हणून एनसीएएने त्या राज्याला कित्येक वर्षं अशा सामन्यांचं यजमानपद दिलंच नव्हतं. जुलै २०१५ मध्ये ते निशाण उतरलं आणि बंदी उठली. ते उतरण्याआधी चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीय माणसं मारली गेली होती. म्हणजे एका राज्याचं पाप नुकतंच फिटलं म्हणून त्याला सामने मिळाले, आणि दुसऱ्याने नवं केलं म्हणून त्याचे गेले. १९ मार्च २०१७ ला त्याच ग्रीनव्हिलमध्ये दुसऱ्या सीडचं ड्यूक सातव्या सीडच्या साउथ कॅरोलिना विद्यापीठाकडून ८८-८१ ने हरलं. समोर अख्खं स्टेडियम यजमानांच्या बाजूने. ड्यूकचे फॅन आजही त्या हरण्याची बारा कारणं सांगतात, पण त्यात विधिमंडळाचं नाव घेत नाहीत.

मॅक्रोरी नोव्हेंबर २०१६ ची निवडणूक जेमतेम दहा हजार मतांनी हरले. पुढच्या काही वर्षांच्या स्पर्धाही राज्याला मिळणार नाहीत, असं एनसीएएने स्पष्ट केलं. तिने दिलेली मुदत संपत आली तसं ३० मार्च २०१७ ला घाईघाईत एचबी २ मागे घेतलं गेलं. तेही अर्धवटच, कारण शहरांना असे संरक्षक नियम करायला २०२० च्या अखेरपर्यंत मनाई राहिली. तरी मुद्दा उरतोच. मोर्चे निघाले, खटले झाले, कंपन्यांनी पत्रं लिहिली, आणि विधिमंडळाला शेवटी घड्याळ दाखवलं ते बास्केटबॉलने. एवढी ताकद या खेळात आहे.

ती ताकद तयार कोण करतं? एकोणीस-वीस वर्षांची मुलं. त्यांना कुणी विचारलं होतं का, की बाबांनो, तुमचे सामने आम्ही हलवतोय? २०१६ मध्ये या मुलांना पगार नव्हता, जाहिरात करायला परवानगी नव्हती, संघटना नव्हती. एनसीएए मात्र मार्चच्या स्पर्धेचे टीव्ही हक्क सीबीएस आणि टर्नरला १४ वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरना विकून बसली होती. २०१६ मध्येच तो करार आणखी आठ वर्षांनी, ८.८ अब्जांनी वाढवला गेला. आणि अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर राज्यपाल नसतो, सरन्यायाधीशही नसतो. तो फुटबॉलचा किंवा बास्केटबॉलचा कोच असतो.

या मुलांना ‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’ म्हणतात. ऐकायला गोड शब्द आहे, पण जन्माला आला तो वकिलांच्या टेबलावर. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या एका सरकारी कॉलेजचा फुटबॉलपटू रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या पत्नीने कामगार नुकसानभरपाई मागितली. खेळाडू कामगार ठरला तर कॉलेजांना अशी भरपाई देत बसावी लागेल, ही भीती एनसीएएला होतीच. म्हणून तिने आणि तिच्या वकिलांनी हा शब्द रूढ केला आणि सगळीकडे तोच वापरायचा असा आग्रह धरला. १९५७ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या बाईंचा दावा फेटाळला. त्या वेळचे एनसीएएचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर १९९५ च्या आपल्या पुस्तकात हे सगळं स्वतःच लिहून ठेवलंय आणि आपणच उभ्या केलेल्या व्यवस्थेवर सडकून टीका केलीय. ‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’ म्हणताना आपण राजकारण करत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते पुस्तक चाळावं.

‘पण शिक्षण फुकट मिळतं की!’ हा दादांचा हुकमी पत्ता. आपल्यासारख्या कर्ज काढून मास्टर्स केलेल्या लोकांना तो लगेच पटतो. चॅपल हिलला काय शिक्षण मिळत होतं ते बघू. ऑक्टोबर २०१४ च्या वेनस्टीन अहवालानुसार नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १८ वर्षं असे कोर्स चालू होते ज्यांत तास नाहीत, प्राध्यापक नाही, फक्त एक पेपर लिहून द्यायचा, आणि त्याला ग्रेड द्यायची ती विभागातल्या एका ऑफिस कर्मचाऱ्याने. ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी ते घेतले. त्यातले जवळपास निम्मे खेळाडू होते. तीन वर्षांनी एनसीएएने निकाल दिला: या कोर्सांबद्दल विद्यापीठाला शिक्षा नाही, कारण ते खेळाडू नसलेल्यांनाही खुले होते! म्हणजे सगळ्यांनाच फसवलं तर ते नियमात बसतं. फुकट शिक्षण म्हणजे हे.

ही व्यवस्था बदलायला सुरुवात झाली तीसुद्धा अशा ठिकाणी जिथे आपण बघत नाही. एड ओबॅनन हा यूसीएलएच्या १९९५ च्या विजेत्या संघातला खेळाडू. पुढे ओळखीच्यांच्या घरी त्याला एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःच दिसला. नाव नाही, पण ३१ नंबर, डावखुरा, तीच चण. गेम लिहिणाऱ्या इंजिनियरांना त्याचे पैसे मिळाले होते, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण आपण त्या बाजूचे लोक आहोत. तो २००९ मध्ये कोर्टात गेला. २०१४ मध्ये कनेक्टिकटच्या शबाझ नेपियरने सांगितलं की कधी कधी रात्री उपाशी झोपावं लागतं. त्याच्या संघाने विजेतेपद पटकावलं आणि काही दिवसांत एनसीएएने जेवणावरची मर्यादा उठवली. इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं.

आणि ३० सप्टेंबर २०१९ ला कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी लेब्रॉन जेम्सच्या शोमध्ये बसून एसबी २०६ वर सही केली. खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून पैसे कमावता येतील, कॉलेजला त्यांना रोखता येणार नाही. विधिमंडळाच्या शेवटच्या मतदानात दोन्ही सभागृहांत विरोधात एकही मत नव्हतं. मग इतर राज्यांची रांग लागली, कारण आपल्या राज्याचा चांगला पॉइंट गार्ड शेजारच्या राज्यात जावा असं कुठल्या आमदाराला वाटेल? इथे नॉर्थ कॅरोलिनात राज्यपाल रॉय कूपर यांनी जुलै २०२१ मध्ये आदेश काढून ते केलं. पंच, कोच, कॉमेंट्रेटर यांतल्या कुणीही खेळाडूंच्या हातात एक डॉलर पडू दिला नव्हता. कोर्टांनी आणि विधिमंडळांनी दिला. म्हणजे त्याच राजकारणाने, जे डब्याच्या वेळी नको असतं.

आता डॉक्युमेंटरी. ‘हूप ड्रीम्स’, १९९४, दिग्दर्शक स्टीव्ह जेम्स. शिकागोतली दोन कृष्णवर्णीय मुलं, विल्यम गेट्स आणि आर्थर एजी. अर्ध्या तासाची फिल्म करायला गेलेली मंडळी पाच वर्षं शूट करत राहिली आणि जवळपास तीन तासांची फिल्म झाली. आमच्या टेबलावर तिचं वर्णन झालं ते असं: ‘भारी इन्स्पिरेशनल आहे यार, गरिबीतून वर यायची जिद्द वगैरे.’

मला प्रश्न पडतो की लोक नक्की कुठली फिल्म बघतात. आर्थरला एका खासगी शाळेने खेळासाठी उचललं आणि फी थकली तसं वर्षाच्या मध्येच त्याला बाहेर पडावं लागलं. घरची वीज तोडली जाते. त्याची आई शीला सरकारी मदतीच्या महिना २६८ डॉलरमध्ये घर चालवत असते. हा २६८ चा आकडा देवाने ठरवला नव्हता, शिकागोच्या झोपडपट्टीनेही नाही. तो सरकारच्या बजेटमध्ये ठरला होता. विल्यम रोज दीड तास जायला आणि दीड तास यायला प्रवास करतो, गुडघा मोडून घेतो आणि तरी त्याच्यावर लवकर मैदानात परतण्याचं दडपण असतं. बड्या कॉलेजांचे कोच मुलं पारखायला येतात त्या कॅम्पमध्ये स्पाइक ली मुलांना तोंडावर सांगतो की इथे तुमची कुणाला पडलेली नाही, तुम्ही जिंकून द्यावं आणि शाळेने पैसे कमवावेत एवढ्यासाठी तुम्हाला बोलावलंय. यात इन्स्पिरेशन कुठे आहे? आहे, एका ठिकाणी. शीला नर्सिंग असिस्टंटचा कोर्स करते, वर्गात पहिली येते आणि रडते. जवळजवळ रिकाम्या खोलीत. तिच्यासाठी स्टेडियम भरत नाही.

‘आता तर पोरं करोडपती झाली, आता काय रडायचं?’ हा नवा युक्तिवाद. जुलै २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे वाटू शकतात, पहिल्या वर्षी कॉलेजमागे २०.५ दशलक्ष डॉलरपर्यंत. बरोबर आहे. मग ६ एप्रिल २०२४ चा सामना आठवा, आमच्या इथल्या सगळ्यांनी उड्या मारत बघितलेला. एनसी स्टेट विरुद्ध पर्ड्यू, फायनल फोर. एनसी स्टेटचा डीजे बर्न्स, त्या महिन्यात सगळ्यांचा लाडका, जाहिरातींचे करार करत होता. समोर पर्ड्यूचा झॅक एडी, सात फूट चार इंच, दोन वर्षं देशातला सर्वोत्तम खेळाडू. त्याला मात्र अमेरिकेत तसे करार करता येत नव्हते. कारण तो टोरोंटोचा, एफ-१ व्हिसावर. केंटकीच्या ऑस्कर शिब्वेला, जो काँगोचा, जाहिरातींचं काम उरकायला संघासोबतच्या बहामाज दौऱ्याची वाट बघावी लागली होती.

एफ-१. ओळखीचं वाटतंय ना? आठवड्याला वीस तास, तेही कॅम्पसवरच. मी त्याच व्हिसावर विद्यापीठाच्या मेसमध्ये ट्रे धुतलेत, आणि एकविसाव्या तासाची भीती काय असते ते आमच्या टेबलावरच्या प्रत्येकाला माहितीय, दादांनासुद्धा. एडीची उंची आपल्याला परकी असेल, त्याची अडचण नाही. पाहुण्यांनी राजकारणात पडायचं नाही म्हणतात, पण राजकारण पाहुण्यांच्या पासपोर्टवर शिक्का मारून बसलेलं असतं.

आणि ज्यांच्यावर असा शिक्का नाही, त्यांचं काय? मार्च २०२४ मध्ये डार्टमथच्या बास्केटबॉल संघाने १३ विरुद्ध २ मतांनी युनियन करायचं ठरवलं. वर्ष संपता संपता तो अर्ज मागे घ्यावा लागला. डार्टमथ तरी खासगी. चॅपल हिल आणि एनसी स्टेट सरकारी विद्यापीठं आहेत. तिथल्या खेळाडूंना उद्या कुठल्याही कोर्टाने कर्मचारी ठरवलं, तरी १९५९ पासून या राज्यात एक कायदा आहे: सरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियनशी केलेला कुठलाही सामूहिक करार बेकायदा. शाळेतली शिक्षिका, कचऱ्याच्या गाडीवरचा माणूस आणि टार हील्सचा पॉइंट गार्ड, तिघांनाही तो सारखाच लागू होईल. ज्या इमारतीत तो बदलता येतो ती रालेत जोन्स स्ट्रीटवर आहे, आमच्या ऑफिसपासून गाडीने वीस मिनिटांवर.